मला कर्जच हवं होतं

सी.ए. व्हायला डोकं लागतं, असं लोक म्हणतात. डोकं माझ्याकडे होतं, नव्हते ते पैसे. आर्टिकलशिपचा, म्हणजे उमेदवारीचा, स्टायपेंड धुळ्यात सगळीकडे पायी हिंडलं तरी महिनाअखेरीआधी संपायचा. फायनलच्या परीक्षेची फी, पुस्तकं, पुण्यातला क्लास हे सगळं समोर आ वासून उभं. वडील एसटीत कंडक्टर, घर सोनगीरला, माझ्यामागे शिकणारी भावंडं. वडिलांकडे मागायचं म्हणजे त्यांच्या ताटातलं काढून घ्यायचं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आमच्या समाजाचं एक मंडळ जळगावात होतं. ते सी.ए. करणाऱ्यांना बिनव्याजी कर्ज द्यायचं, पास झाल्यावर फेडायचं. पण फक्त मुलग्यांना. मुलींसाठी वेगळी सोय होती: वार्षिक मेळाव्यात स्टेजवर बोलवायचं, साडी-नारळ आणि एक पाकीट हातात द्यायचं, फोटो काढायचा. त्या पाकिटात पुस्तकंही आली नसती. मी सरळ कर्जाचा अर्ज केला.

मंडळाच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. त्यांनी मला आपल्या डाळमिलच्या ऑफिसात बोलावून समजावलं, की मुलगी उद्या लग्न होऊन जाणार, मग वसुलीला आम्ही तिच्या सासरच्या दारात उभं राहायचं का? होणाऱ्या सासऱ्याची सही आणलीस तर बघू. सासरा अजून ठरलेला नव्हता, आणि केवळ सहीसाठी नवरा शोधायची माझी तयारी नव्हती. नाना माणूस वाईट नव्हते. चहा पाजला, जेवून जा म्हणाले. त्याचाच मला जास्त राग आला.

मेळाव्याला वडील सोबत होते. त्यांचं म्हणणं, मिळतंय ते घे, नमस्कार कर, वेळेत बस गाठू. माइकवरून पुकारा झाला: सोनगीरची गरीब व होतकरू कन्या. मी खुर्चीतून उठले नाही. पुन्हा पुकारलं, तसे लोक माना वळवून बघायला लागले. तेव्हा जागेवरच उभी राहिले. आवाज खणखणीत निघाला.

"होतकरू मी आहे. गरीब आहे की नाही ते फेडताना कळेल. मला साडी नको, कर्ज द्या."

पोरगी फार शेफारली आहे, असं मागून कुणीतरी म्हणालं. नानांनी वडिलांकडे पाहिलं, बापाने आता आवरावं म्हणून. वडील जन्मभर साहेब लोकांपुढे मान खाली घालून उभे राहिलेले. मला वाटलं, आता हात जोडून माफी मागतील. ते उठले, टोपी सारखी केली.

"पोऱ्यासले जामीन नही लागत, मंग मनी पोरले कसाले?"

एवढं बोलून ते खाली बसले. मला इतका अभिमान त्यांचा कधी वाटला नव्हता. बायकांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या, आधी चार-दोन, मग थांबेचनात. त्या टाळ्यांपुढे नानांना नाही म्हणता येईना. कर्ज मंजूर झालं. साडी मी घेतली नाही, त्यावरून आई वर्षभर बोलत होती.

पहिल्या फटक्यात पास झाले, असं काही नाही. फायनलचा एक ग्रुप दोनदा द्यावा लागला. मग धुळ्यात प्रॅक्टिस सुरू केली, लग्न झालं, आणि सगळी रक्कम जमल्यावर एक दिवस ती घेऊन नानांसमोर जाऊन बसले. नाना मनापासून खूश झाले. पेढे मागवले. पैशाला मात्र हात लावेनात. म्हणाले, लेकीकडून कुणी पैसे घेतं का? तू मोठी झालीस, आम्हाला पोचलं. शेजारी बसलेले मंडळाचे सदस्य भारावून मान हलवत होते. मला मात्र पुढचं स्वच्छ दिसत होतं. उद्या एखादी मुलगी अर्ज घेऊन येणार आणि हेच लोक तिला सांगणार, की मुलींनी आजवर कधी कर्ज फेडलेलं नाही.

मी नोटा त्यांच्या पुढ्यात सरकवल्या. म्हटलं, नाना, मी लेक म्हणून आले नाही, कर्जदार म्हणून आले आहे. पावती फाडा, त्याशिवाय उठणार नाही. पेढ्यालाही हात लावला नाही. नानांचा चेहरा उतरला. शेवटी त्यांनी पावतीपुस्तक ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "यजमानांचं नाव काय लिहू?"

"कर्ज ज्या नावाने दिलंत, तेच लिहा."