वालेरच्या मातीचं जेवण

वालेर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी फादर त्याच्या ‘हंस’ खानावळीच्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि प्रवचनात सांगण्यासारखं काही आहे का, म्हणून विचारू लागले. मुलगा लिवेन लगेच म्हणाला, पप्पा म्हणजे कुटुंबवत्सल माणूस. फादरांनी ते समाधानाने टिपून घेतलं. वालेरची बायको आल्माही मान डोलावणार होती, पण शेगडीवर दूध वर आलं आणि ती उठली. लग्न झाल्यापासून या घरातली सगळी महत्त्वाची वाक्यं तिने अशी पाठमोरीच ऐकली होती.

वालेर कुटुंबवत्सल होता यात शंकाच नाही. फक्त कुटुंब कोणाचं, एवढाच प्रश्न होता. लिंडेगेम गावातल्या झाडून सगळ्या घरांवर त्याचा जीव. बारसं असो, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असो, जेवण ‘हंस’मध्येच. कोणाच्या मावशीला मश्रूम चालत नाहीत, कोणते दोन साडू समोरासमोर बसवले की मटार उडतात, हे त्याला तोंडपाठ. पण त्याचं खरं राज्य मातीच्या जेवणाचं. चर्चमधून माणसं काळ्या कोटात, गारठलेली बाहेर यायची, आणि चौक ओलांडला की दारात वालेर उभा. प्रत्येक मयतासाठी तो खरोखर रडायचा. ज्याच्याशी जन्मभर भांडला त्याच्यासाठी जरा जास्तच. त्याचा एक सिद्धान्त होता: ज्याच्या मातीला लोक दुसऱ्यांदा वाढून घेतात, तो माणूस चांगला होता. या हिशोबाने लिंडेगेममध्ये वाईट माणूस एकही मेला नाही, कारण वाढायला आल्माचं व्हिडे असे.

आल्माचं म्हणजे, नाव वालेरचं. खुसखुशीत पापुद्र्याच्या वाटीत कोंबडी, मश्रूम, खिम्याच्या छोट्या गोळ्या आणि वरून पांढरा दाट रस्सा. शेजारी बटाट्याच्या तळलेल्या कांड्या. गेंट शहरातून लोक गाडी काढून यायचे. वालेर टेबलाटेबलाशी थांबून, छातीवर हात ठेवून कौतुक स्वीकारायचा आणि सांगायचा, की त्याची आजी एका सरदाराकडे स्वयंपाकाला होती, कृती तिची. दरवर्षी त्या सरदाराची पदवी वाढत गेली. शेवटी तर आजी थेट राजवाड्यात पोचली. कृती आल्माच्या आईची होती. पण तो सांगायचा इतकं सुरेख, की तीसुद्धा दाराआडून ऐकत उभी राही आणि रस्सा तळाला लागे.

घरची माणसं जेवायची ती पाहुणे गेल्यावर, स्वयंपाकघरात, उभ्याने. लिवेनच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमधला प्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या रविवारी गावातल्या सगळ्या मुलांची कम्युनियन होती, म्हणजे ‘हंस’मध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लिवेनने आपल्या पांढऱ्या सुटात वर्गातल्या पोरांना ताटं नेऊन दिली. लोक म्हणाले, काय गोड कुटुंब आहे. वालेरचे डोळे भरून आले. लिवेनचं जेवण पुढच्या मोकळ्या रविवारी करायचं ठरलं होतं. तो रविवार अजून यायचा आहे.

एकदा आल्माच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. वालेरने दारावर पाटी लावली: ‘मालकांच्या प्रकृतीमुळे बंद.’ मग रोज फुलं घेऊन दवाखान्यात यायचा आणि शेजारच्या खाटांवरच्या बायकांना हसवायचा. जाताना मात्र तिचा हात धरून हळूच म्हणायचा, “तू नाहीस तर मला भूकच लागत नाही गं.” आल्मा घरी आली तेव्हा त्याची विजार खरंच कमरेवरून घसरत होती. असा तो होता. रागवावं तर नेमकं कुठून, हे आल्माला कधी सापडलं नाही.

तर फादरांचं टिपण झालं आणि गोष्ट जेवणावर आली. लिवेन म्हणाला, जेवण अर्थातच इथे, आणि व्हिडेच. दुसरं काही ठेवलं तर पप्पांचा आत्मा तळमळेल. फादर म्हणाले, फार योग्य, अख्खं गाव येणार. किती पिंप बिअर लागेल याचीही चर्चा सुरू झाली. आल्मा दुधाचं पातेलं पुसत होती.

“करणार कोण?” तिने विचारलं.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. फादर आधी लाजले. लिवेन तेवढाही लाजला नाही. तो म्हणाला, “अगं आई, कामात असलीस की तेवढंच मन रमतं. आणि मी आहे ना पुढे, सगळ्यांशी बोलायला.”

बापाचे डोळे, बापाचं कपाळ आणि आता बापाची जागाही त्याने घेतली होती. आल्माने पातेलं ठेवलं, एप्रन सोडून खुंटीला अडकवला, काळा कोट चढवला आणि कोणाला काही न सांगता चौक ओलांडून समोरच्या ‘सोनेरी सिंह’ खानावळीत शिरली.

हे म्हणजे लिंडेगेमच्या हिशोबाने धर्मच बदलणं. ‘सोनेरी सिंहा’चा मालक कामिल आणि वालेर यांच्यातून वर्षानुवर्षं विस्तव जात नव्हता. कृती आपलीच चोरली, असं दोघंही शपथेवर सांगत. मिस्सेत शेजाऱ्याला ‘शांती असो’ म्हणून हात द्यायची वेळ यायची म्हणून दोघं चर्चच्या दोन टोकांना बसायचे. ताकाला जाऊन भांडं लपवणं आल्माला कधी जमलं नव्हतं. ती कामिलला म्हणाली, “शनिवारी वालेरची माती आहे. जेवण तुझ्याकडे. मला फक्त बसायचंय.”

कामिलला आधी थट्टा वाटली, मग आनंद झाला, आणि मग आनंद झाल्याची लाज वाटली. तो म्हणाला, “वालेरला हे आवडलं नसतं, वहिनी.”

“त्याला विचारायची सोय राहिली नाही,” आल्मा म्हणाली.

बातमी कळताच लिवेन घरी येऊन भांडभांड भांडला. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, म्हणाला. आल्माने ऐकून घेतलं. तिलाही आतून धाकधूक होतीच. जन्मभर त्या माणसाने जपलेलं नाव आपण त्याच्या शवपेटीसमोरच बुडवतोय की काय, या विचाराने तिला झोप लागली नाही. पण दुसरा विचार त्याहून वाईट होता: नवऱ्याला पुरून यायचं आणि रडायच्या आधी मैदा भाजायला घ्यायचा.

शनिवारी चर्च भरलं. लोक वालेरसाठी आले होतेच, पण जेवण कुठे आहे ते बघायला त्याहून जास्त. फादरांनी कुटुंबवत्सल हा शब्द तीनदा वापरला. मग सगळी वरात, ‘हंस’च्या बंद दाराकडे चोरून बघत, ‘सिंहा’त गेली.

आल्माला मधल्या टेबलाशी बसवलं. सवयीने ती दोनदा रिकामे पेले गोळा करायला उठली आणि दोनदा स्वतःच खाली बसली. व्हिडे आलं. तिने घास घेतला. लिंबू जरा कमी होतं, बाकी नाव ठेवायला जागा नव्हती. कोंबडी इतकी मऊ शिजायला कोणीतरी पहाटे उठलं होतं. लोक दुसऱ्यांदा वाढून घेत होते. आणि कामिल टेबलाटेबलाशी थांबून, छातीवर हात ठेवून सांगत होता, की त्याचा पणजोबा बिशपांकडे आचारी होता.

तेव्हा आल्माला रडू फुटलं. वालेर गेल्यापासून पहिल्यांदा. त्या थापाड्या, लाघवी, कामचुकार माणसाची तिला इतकी आठवण आली, की काटा हातातून पडला. कामिल धावत आला, काही चुकलं का विचारू लागला.

“केलंय कोणी?” तिने डोळे पुसत विचारलं.

“आमच्याकडचंच आहे, वहिनी. घरचं.”

“ते कळलं. तिला बोलाव.”

कामिलची बायको रोझान बाहेर आली. चेहरा वाफेने लाल, बाह्या कोपरापर्यंत वर, काहीतरी खारट झालं असणार या भीतीने आधीच ओशाळलेली. आल्माने शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, “बस.”

रोझानने नवऱ्याकडे बघितलं. “अहो पण आता कॉफीची वेळ झाली. कोण करेल?”

“तो करेल,” आल्मा म्हणाली.

कामिल हसला. मग त्याला दिसलं की आणखी कोणी हसत नाहीये, आणि अख्खं लिंडेगेम घास थांबवून त्याच्याकडे बघतंय. तो आत गेला. रोझान खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. आल्माने तिच्यापुढे भरलेलं ताट सरकवलं. बराच वेळ आतून कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले, आणि मग कामिलचा आवाज आला:

“अगं, कॉफीचा डबा कुठे असतो आपला?”

रोझानने सांगायला तोंड उघडलं. आल्माने तिच्या हातात काटा दिला.

“जेव आधी,” ती म्हणाली. “सापडेल त्याला.”