एका वेणीपायी

अंधेरीच्या आमच्या मुलींच्या आश्रमात नवी मुलगी आली की आधी तिच्या डोक्याला कात्री लागायची. उवा असोत नसोत. मी मुलींना सांभाळायला नुकतीच लागले होते, पण तोंड माझं पहिल्यापासूनच फटकळ.

एकदा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली सहा-सात वर्षांची पोर आली. बाप नव्हता, आई क्षयाने इस्पितळात. वेणी कमरेपर्यंत, आणि उवा तर विचारूच नका. कात्री बघताच तिने दोन्ही हातांनी वेणी धरली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "केस कापलं त आय मना वलखाची नाय."

माझं डोकंच फिरलं. आमच्या अधीक्षिकांना, मोठ्या बाईंना, मी सरळ म्हटलं, "उवा मी काढते. कात्री राहू दे."

"एवढ्या मुलींत हिचेच लाड?"

"सगळ्यांचे करू. दुपारी आपण गप्पाच तर मारत बसतो."

बाकीच्या सेविका त्यानंतर माझ्याशी धड बोलेनात. बाईंनी मुदत दिली: रविवारपर्यंत डोकं साफ, नाहीतर कात्री.

मग रोज दुपारी पायरीवर तिला पुढ्यात घेऊन बसायचं. रॉकेल, शिकेकाई, मग फणी. लिखा चिवट मेल्या, निघता निघायच्या नाहीत. मी करवादायचे. पण जेवतानाही तोंड न उघडणारी ती पोर तिथे बोलत सुटायची. आईची टोपली, वाळत घातलेले बोंबील, सगळं. मी वेणी सैल घालते अशी तक्रारही करायची. आई म्हणे करकचून घालते. ऐकायला इतर मुली जमू लागल्या, आणि एक सेविका तोंड वाकडं करत का होईना, फणी घेऊन शेजारी बसली. रविवारी बाईंनी चष्मा लावून डोकं तपासलं आणि कात्री परत नेली. वेणी वाचली.

काही महिन्यांनी आई बरी होऊन आली. नुसता हाडांचा सापळा, आणि इस्पितळात तिचेच केस कापलेले. पोर माझ्यामागे लपली.

"ही माझी आय नाय."

त्या माउलीचा चेहरा मला बघवेना. ती खाली बसली, पोरीला हाताला धरून पुढ्यात घेतलं, वेणी सोडली आणि पुन्हा घालायला लागली. पोर ताठ बसून होती. वेणी अर्धी झाली तेव्हा तिची मान हळूच मागे कलली.

"आये, हलू गो," ती म्हणाली. "दुखतं."

मी रडले, लपवलं नाही. दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाईंनी घसा खाकरला.

"उद्या बाजारातून आणखी फण्या आण," त्या म्हणाल्या.