चिंधी बांधलेलं वांगं

माझं माहेर कामठीचं. दारात एक तुळस आणि भिंतीपलीकडे यंत्रमागाची खडखड, एवढीच आमची शेती. त्यामुळे लग्न होऊन रामटेकजवळच्या या दोन एकरांत आले तेव्हा भाजीपाला मला ओळखू यायचा तो फक्त ठेल्यावरचा.

पण हौसेला मोल नसतं. पहिल्याच मार्चमध्ये सासूबाई चार दिवस नणंदेकडे सावनेरला निघाल्या आणि जाताना म्हणाल्या, "वांग्याचा हंगाम सरून राहिला. उरलेले वांगे तोड, चिर अन् वाळू घाल." वाळवलेल्या भाजीला आमच्याकडे खुला म्हणतात. उन्हाळ्यात मळा सुकला की याच खुला भिजवून कांद्यावर परततात. एवढं मोठं काम माझ्यावर सोपवलं म्हणून मी हवेत होते.

दुसऱ्याच दिवशी मी अख्खा वाफा मोकळा केला. एका झाडावर मात्र एक थोराड, पिवळं पडलेलं वांगं होतं, देठाला लाल चिंधी बांधलेली. मी म्हटलं, नजर लागू नये म्हणून असणार. आमच्या घरात नजरेचं प्रस्थ फार. गाईच्या गळ्यात काळा दोरा, मोटारसायकलला लिंबू-मिरची. इतकं जपलेलं वांगं वाया कशाला घालवायचं? चिंधी सोडली, वांगं चिरलं आणि गच्चीवर जुन्या लुगड्यावर बाकीच्या फोडींत पसरलं.

सासूबाई आल्या त्या आधी मळ्यात गेल्या. परतल्या तेव्हा हातात ती चिंधी होती.

"चिंधी काहून सोडली वं?"

"नजरेसाठीच बांधली होती ना? म्हटलं, आता तोडायचंच आहे तर..."

"नजर? बियाचं वांगं होतं ते!"

नवरा फिस्सकन हसला. "तू हसू नको गा," असं त्याला म्हणून त्या ओट्यावर बसल्या. मग मला कळलं. ते बी त्यांच्या आईने लग्नात त्यांच्या पदरात बांधून दिलेलं. दरवर्षी एकच उत्तम फळ झाडावर पिकू द्यायचं, खुणेला चिंधी बांधायची आणि त्याचंच बी पुढच्या साली पेरायचं. गावात बाकी सगळे नर्सरीतून रोपं आणतात. ते वांगं आता दुसऱ्या कुणाकडे नाही. चिंधीचं सांगून जावं हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण इथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रडून झाल्यावर (माझं, त्यांचं नाही) आम्ही दोघी गच्चीवर चढलो. शेकडो फोडींतून पिवळ्या सालीच्या तेवढ्या वेगळ्या काढल्या आणि नखांनी बी खरवडलं. तीन दिवसांचं कडक ऊन खाल्लेलं, जेमतेम दोन चिमटी. सासूबाईंनी ते राखेत घोळून पुरचुंडीत बांधलं. "बी सावलीत वाळवा लागते. तू तं भाजून काढलं," म्हणाल्या आणि विषय संपवला.

ते उगवेपर्यंत वांगं खायचं नाही, असा मी नवस केला. त्यांना तो दुसऱ्याच दिवशी कळला आणि त्यांनी उन्हाळाभर मुद्दाम दिवसाआड खुलांचीच भाजी केली. "खा. तूच चिरले न?" नवस तिथेच मोडला, आणि खरं सांगते, भाजी झकास लागायची.

जूनमध्ये त्यांनी बी पेरलं. "उगवलं तं उगवलं," म्हणत त्या निवांत फिरायच्या. मी मात्र चहाच्या आधी वाफ्यावर. पाचवा दिवस गेला, सातवा गेला, काळी माती जशीच्या तशी. गवताचा कोंब दिसला तरी मी नाचायचे आणि तोंडावर पडायचे. नवव्या दिवशी पहाटे गेले तर सासूबाई आधीच तिथे उकिडव्या बसलेल्या, चष्मा लावून, नाक मातीला टेकायचं तेवढं बाकी. मला पाहून लाजल्या.

"हळू ये वं. तुह्या वांग्याचे लेकरं उठून राहिले."

इवलेसे, मान वाकवलेले हिरवे कोंब. मी त्यांच्या गळ्यातच पडले आणि तोल जाऊन आम्ही दोघी चिखलात बसलो. हसून हसून उठता येईना. त्या वाफ्यावरच थांबल्या. मी घरी येऊन चहा ओतला, अर्धा प्याले, आणि तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आपल्या आईच्या बियाला त्या 'तुझं' म्हणाल्या होत्या. कप तसाच हातात धरून मी परत वाफ्याकडे पळाले.