तिचा विरोध मी वाचून दाखवला

माझं काम सांगायला मोठं भारदस्त आहे. इंटरनेटचे नियम म्हणे जगभरच्या लोकांनी एकत्र बसून ठरवायचे. त्या बैठकांत आफ्रिकेतले छोटे व्यावसायिक आणि साधे वापरणारे फारसे दिसत नाहीत, तर त्यांना आणायचं. आणायचं म्हणजे काय, तर ॲडलेडला, मॉसन लेक्सच्या माझ्या घरात बसून ईमेल पाठवत राहायचं. वर्षभर पाठवले. शेवटी मलावीतली एक बाई तयार झाली.

ती शिंपी, बियाण्यांचे दुकानदार, चार खोल्यांच्या गेस्ट हाउसचे मालक अशांना वेबसाइट करून द्यायची. सभा ॲडलेडलाच होती. आम्ही तिला निमंत्रणाची तीन पत्रं दिली, पण व्हिसाचं उत्तर काही वेळेत आलं नाही. मग ऑनलाइन ये म्हटलं, तेही उपकार केल्यासारखं.

चर्चेतला नियम असा, की 'ही वेबसाइट तुमचीच ना' अशा पडताळणीच्या ईमेलला मालकाने दोन दिवसांत उत्तर दिलं नाही तर त्याची वेबसाइट बंद करायची. आदल्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली, "आमच्याकडे वीज गेली की तीन-तीन दिवस येत नाही. साइट बंद पडली की लोक तुमच्याकडे येणार नाहीत. माझ्या दारात येतील."

आमच्या सभेत मतदान नसतं. अध्यक्ष विचारतात, कोणाचा विरोध आहे का. एकाने जरी कारण देऊन स्पष्ट विरोध केला तरी नियम पुन्हा चर्चेला जातो. सगळे गप्प राहिले तर मंजूर. ऑनलाइन आलेल्यांचं म्हणणं माईकवर वाचून दाखवायला एक जण नेमलेला असतो. त्या दुपारी ते काम माझ्याकडे होतं.

तिचा आवाज तुटत होता, म्हणून तिने टाइप केलं, 'माझा या नियमाला विरोध आहे. आमच्याकडे तीन दिवस वीज नसते. नियम करणाऱ्यांनी आम्हाला विचारात घेतलेलंच नाही.'

मी वाचायला उभी राहिले आणि जीभ सवयीने वळली. ऑस्ट्रेलियात नवी असताना ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये मी सरळ म्हणाले होते, की हे चुकीचं आहे. टीम लीडने बाजूला घेऊन सांगितलं, "जरा ॲग्रेसिव्ह वाटलीस, मेट." तेव्हापासून प्रत्येक नकाराला साखर लावायची सवय लागली. तिच्याही नकाराला लावली. मी वाचलं, "मलावीच्या आमच्या सहभागी या नियमाचं स्वागत करतात, मात्र मुदतीबद्दल त्यांना थोडी काळजी वाटते." स्वागत तिने कुठे केलं होतं? ते मी केलं, तिच्या नावावर.

अध्यक्षांनी काळजीची नोंद घेतली आणि विचारलं, कोणाचा विरोध? हॉल शांत. माझ्यासमोरच्या लॅपटॉपवर तिचा शब्द आला, 'विरोध.' मग पुन्हा, 'विरोध.' मी माईकपासून दोन हातांवर होते. पण अध्यक्ष बोलत होते, आणि मध्ये तोंड घालणं बरं दिसलं नसतं. टाळ्या झाल्या.

चहाच्या वेळी आमच्या ऑफिसचे साहेब म्हणाले, "गुड ऑन यू. आफ्रिकेचा आवाज किती स्मूदली आणलास." मी म्हणाले, "नो वरीज." त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते. वर्षाच्या अहवालात सहभाग वाढल्याचा परिच्छेद मीच लिहिला, तिच्या फोटोसकट.

नियम लागू झाल्यावर काही महिन्यांनी तिचा ईमेल आला. वर नमस्कार नाही, काही नाही. आधी तिची तीन वाक्यं. त्यांच्याखाली माझं वाक्य, सभेच्या इतिवृत्तातून जसंच्या तसं उतरवलेलं. आणि शेवटी, 'वादळात वीज गेली. एका शिंपिणीची साइट बंद झालीय, ती माझ्या दारात उभी आहे. तिला काय सांगू ते तूच लिहून दे. तुझी भाषा गोड आहे.'

मी चार वेळा उत्तर लिहायला बसले. चारही वेळा पहिला शब्द आला, 'दुर्दैवाने'. दुर्दैव कसलं? माईकपाशी मी उभी होते.