गिऱ्हाइकांकडे तोंड करून

शेलूबाजारात लग्नपत्रिका करून देणाऱ्यांची कमी नाही, पण सोयरीक जुळली की लोक आधी माझ्याच घराची वाट धरतात. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे. दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. समोरच्या खोलीत माझं काम चालतं. पत्रिका, तेरवीचं कार्ड, वास्तूचं आमंत्रण, क्वचित एखाद्या प्राध्यापकाचा जाडजूड प्रबंध. मजकूर मी जुळवते, छापून मंगरूळपीरहून येतं.

या खोलीत वर्षानुवर्षं डेस्कटॉप होता. वायरींचा गुंता मागे दडवायचा म्हणून टेबल भिंतीला टेकवलेलं. माझं तोंड स्क्रीनकडे आणि गिऱ्हाइकांकडे पाठ. आमच्याकडे पत्रिका करायला एकटंदुकटं कुणी येत नाही. मुलीचा बाप, काका, मामा, शिवाय पत्रिकेतलं आपल्यालाच कळतं असं समजणारा एक शेजारी, असा सगळा जथा येतो आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहतो. मामाचं नाव वर घ्या, फुवाचं राहिलं, आबांच्या नावापुढे माजी सरपंच लावा, हे सगळं माझ्या डोक्यावरून स्क्रीनवर जाऊन आदळायचं. मला माणसं आवाजावरून ओळखू यायची. जो बोलत नव्हता तो माझ्यासाठी खोलीत नव्हताच.

डेस्कटॉप मी बदलला तो लाइनीपायी, म्हणजे विजेपायी. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात लाइन जाते ती सांगून जात नाही. लाइन गेली की टेबलाखालचा बॅटरीचा डबा किंचाळायला लागायचा, मागे उभी मंडळी घाबरून “सेव्ह करा, सेव्ह करा” म्हणायची, जसं काही मी तिथे स्वेटर विणत बसले होते. मग एका दुपारी त्या डब्याने किंचाळायचंही सोडून दिलं. एका पाटलांकडची पत्रिका, तिच्यातल्या सगळ्या भाऊबंदांसकट, अंधारात गडप झाली. आमचे हे शाळेत मास्तर आहेत, कुठलीही वस्तू टाकायची म्हटली की त्यांच्या जिवावर येतं. ते म्हणाले, दुरुस्त करून घेऊ. मी म्हटलं, तुमची शाळा दुरुस्त करा, हा आता माझ्या टेबलावर नको. आणि मीच वाशीमला जाऊन लॅपटॉप घेऊन आले. स्क्रीन एवढीशीच का, असं त्यांनी विचारलं. पत्रिका तरी केवढी असते, म्हटलं.

आता वायरी दडवायला भिंत लागत नव्हती, तेव्हा मी टेबल हातभर पुढे ओढलं आणि भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसले. काय सांगू, बँकेत मॅनेजर झाल्यासारखं वाटलं. लाइन जावो की राहो, माझं काम चालूच. पहिल्याच आठवड्यात मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

गिऱ्हाइकांना मात्र हे काही मानवलं नाही. मागे उभं राहायला जागा नाही, आणि बाजूने पाहिलं तर स्क्रीन काळीशार, अक्षरं भुतासारखी. स्क्रीनच्या अगदी समोर बसलेल्यालाच काय ते धड दिसणार. त्यात आमच्या खोलीत मानाची खुर्ची कूलरशेजारी, म्हणजे टेबलाच्या अगदी बाजूला. ज्याचा मान सर्वांत मोठा त्याला सर्वांत कमी दिसायला लागलं. एका मुलीचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, त्या खुर्चीवरून वाकून वाकून पाहत होते. त्यांना आपलं नाव दिसलं नाही, ते उठले आणि पायात चपला अडकवून चालायला लागले. मी लॅपटॉप उघडाच घेऊन त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावले आणि चक्कीसमोर उभं राहून त्यांना त्यांचं नाव दाखवलं. ते वाचून परत आले, पण चहा घेतला नाही.

ह्यांनी मग तोडगा काढला. जुनी स्क्रीन वायरने लॅपटॉपला जोडायची, म्हणजे आपलं पहिल्यासारखं. वायर आणूनही ठेवली. मीही जवळजवळ कबूल झाले होते, कारण दुसऱ्यांदा चक्कीपर्यंत धावायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यात आमच्याच गल्लीतल्या एका बाईच्या मुलीचं लग्न ठरलं.

ही बाई ब्लाउज शिवते. माझेही तीच शिवते. नवरा गेला तेव्हा मुलगी रांगत होती. मशीन चालवून चालवून तिने त्या मुलीला नर्स केली. तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, सज्जन माणूस. धाकट्या भावाच्या वाट्याचं धान्य दर वर्षी न चुकता भावसुनेच्या दारात आणून टाकणारे. पण आमच्या भागात भासरे आणि भावसून समोरासमोर बोलत नाहीत. भासऱ्यांच्या पुढ्यात तिने बसायचं नाही, तिचं नाव त्यांनी घ्यायचं नाही. धान्याचं पोतं उतरलं तरी “पोरीच्या मायले सांगा” असं तिसऱ्याला म्हणायचं, आणि ती दाराआड उभी राहून ऐकणार. कुणी कुणाला छळत नाही, पण वर्षं अशीच जातात.

त्या दिवशी भासरे कूलरशेजारी बसले. तिचा भाऊ, म्हणजे नवरीचा मामा, दिवाणावर. ती स्वयंपाकघराच्या दारात, अर्धी आत अर्धी बाहेर, डोक्यावर पदर. भासरे सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. कै. अमुक यांची कन्या. निमंत्रक म्हणून ते आणि त्यांची बायको. मग त्यांची मुलं, सुना, मामा, मामी, चुलत घराणं, सगळे आले.

डेस्कटॉप असता तर मी भिंतीकडे पाहत टाइप करत राहिले असते आणि पत्रिका संपली असती. आता समोर दार होतं आणि दारात ती. प्रत्येक नावाला तिची मान जराशी वर व्हायची आणि पुढच्या नावाला खाली जायची. भासरे “बस, झालं” म्हणाले, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. हात दाखवूनही एस्टी न थांबता निघून गेल्यावर माणूस पाहतं, तशी. मी चहाचं निमित्त करून उठले.

ती माझ्यामागे आत आली, कपबशा काढायला लागली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “ताई, माहं नाव कुठीसा बसन का? बारीक अक्षरात बी चालन.”

मी विचारलं, घरी कुणापाशी बोललीस का. भावापाशी बोलली होती. भाऊ म्हणाला, बिनानवऱ्याच्या बाईचं नाव पत्रिकेत घालत नसतात, शुभकार्याला बट्टा लागतो, आणि लगनाच्या तोंडावर वाद कायले. भासऱ्यांना तर ती विचारणारच कशी. तिने हातातली बशी ओट्यावर ठेवली.

“मी अपशकुनी असती तं पोरगी नर्स झाली असती का?”

मला राग आला. कुणावर ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. भासऱ्यांवर म्हणावं तर त्यांनी जगात चालतं तेच सांगितलं होतं. पण डोकं तापलं हे खरं. आणि त्याच वेळी लाइन गेली. कूलर बंद पडला, पुरुषमंडळी टॉवेलने वारा घेत बाहेर ओट्यावर कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसली. लॅपटॉपला लाइनीचं काय. मी तो उचलला आणि स्वयंपाकघरात आणला. पाटावर ठेवला, समोर फरशीवर बसले आणि तिला शेजारी बसवलं. एवढी वर्षं हे काम करते आहे, पण कुठल्याही नवरीची आई माझ्या शेजारी अशी बसली नव्हती.

निमंत्रकांत सगळ्यांत वर तिचं नाव टाकलं. आईच ती, आणखी कुठे टाकणार. मग विचारलं, नावाआधी काय लावू. विधवेच्या नावाआधी गं. भा. लावायची रीत आहे. ते वाचलं की पुढचं नाव वाचायच्या आधीच माणूस हळहळून घेतो.

“ते नोको,” ती म्हणाली. “नुसतं नाव लिहा.”

“बारीक करू?”

तिने स्क्रीनकडे पाहिलं. तिच्या खाली भासऱ्यांचं नाव होतं. “नाई,” म्हणाली. “त्याइच्याएवढंच ऱ्हाऊ द्या.” पदराला हात पुसून तिने एक बोट हळूच त्या अक्षरांवर टेकवलं.

आता पुढचं. कुणाला न विचारता तसंच छापायला धाडणं मला जमलं असतं. नाही असं नाही. पण गठ्ठा घरी जाऊन फुटला असता आणि भांडण तिच्या अंगावर, मांडवात. मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर गेले आणि सरळ भासऱ्यांच्या मांडीवर ठेवला. ते दचकले. दोन्ही हातांनी त्याला असं धरलं की जणू नातू दिलाय. उजेड पडणार नाही अशी मी झाकणी जराशी कलती करून दिली आणि म्हटलं, काका, एक नाव वाढवलंय, पाहून घ्या.

मामा बाजूने वाकला. त्याला काळी स्क्रीन दिसली आणि तो मागे सरकला. मला तेव्हा त्या लॅपटॉपचं फार कौतुक वाटलं. मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांनी एकदम वाचलं असतं, भासऱ्यांच्या आधी दुसराच कुणीतरी हे काय म्हणून ओरडला असता, आणि मग चारचौघांत घरातल्या मोठ्या माणसाला तेच धरून बसावं लागलं असतं. इथे वाचणारे एकटे तेच होते. त्यांना वेळ होता.

ते ओठ हलवत वाचत खाली आले आणि थांबले.

“हे कोणं सांगतलं?”

उत्तर द्यायला मी कधी उशीर करत नाही. तोंड उघडलंही होतं. पण माझ्यामागून आवाज आला.

“म्या सांगतलं, भाऊजी.”

ती दाराआड नव्हती. पदर डोक्यावर होता, पण उंबरा ओलांडून ती ओट्यावर येऊन उभी होती. आवाज शेवटच्या शब्दापर्यंत नीट ऐकू आला. मामा खाली फरशीकडे पाहायला लागला. मी बाजूला सरकले.

भासऱ्यांनी मान वर केली नाही. वर पाहणं म्हणजे तिच्याकडे पाहणं झालं असतं. त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली. मग मला म्हणाले की नावाआधी गं. भा. राहिलं आहे. मी सांगितलं, राहिलं नाही, तिला नको आहे. ते हं म्हणाले. त्या हंवरून काही म्हणजे काही कळलं नाही.

पत्रिका छापायला जायच्या आधी घरातल्या मोठ्याने ती एकदा मोठ्याने वाचायची, चूकभूल असेल तर बसलेल्यांच्या कानावर पडावी, अशी आमच्याकडे पद्धत आहे. भासऱ्यांनी घसा साफ केला आणि गणपतीच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. नवरीचं नाव झालं. कैलासवासी भावाचं नाव झालं. मुहूर्त, वार, लग्नस्थळ झालं. निमंत्रक आले. मी कडुनिंबाकडे पाहायला लागले, कारण कुणाच्याही तोंडाकडे पाहायची माझी हिंमत नव्हती.

त्यांनी तिचं नाव वाचलं. ती माहेरातून आल्यापासून जे नाव त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं ते पूर्ण वाचलं, आडनावासकट, बाकीच्या नावांच्याच आवाजात. मग स्वतःचं वाचलं, मग बायकोचं, आणि एकेक करत शेवटपर्यंत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, “चुकलं का काई कुठी?”

विचारलं ते ओट्यावरच्या कुणा एकाला नव्हतं. मी कडुनिंबावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

“नाई,” ती म्हणाली. “बराबर हाये.”