दाजी गप्प बसले की

आमचे दाजी एखादा प्रश्न विचारायचे आणि मग गप्प बसायचे. एवढंच. पण त्यांचं गप्प बसणं असं होतं की समोरचा माणूस गडबडून खरं बोलून जायचा. लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला ते साताऱ्याला आमच्या घरी जेवायला आले होते. ‘‘पोळ्या लय मऊ झाल्यात. कशा केल्या?’’ असं त्यांनी आईला विचारलं आणि घास हातात धरून थांबले. आमची आई कुणाला दबणारी बाई नव्हे. पण ती शांतता तिला सोसवेना. ‘‘जावईबापू, बाहेरून आणल्यात हो!’’ ती म्हणाली. आम्ही सगळे हादरलो. तोवर तिच्या हाताच्या चवीचं कौतुक करत आम्ही मिटक्या मारत होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव पलूसजवळचं, नोकरी इस्लामपूरकडच्या एका डेअरीत, स्टोअरचे प्रमुख म्हणून. त्यांच्या शब्दावर मी तिथल्या लॅबमध्ये चिकटलो. मी दाजी म्हणतो म्हणून मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना दाजी म्हणू लागले. अख्ख्या डेअरीला जावई मिळवून दिला, ही माझी तिथली एकमेव कामगिरी.

डेअरीत दर वर्षी अंतर्गत तपासणी व्हायची. एका विभागाच्या माणसांनी दुसऱ्या विभागात जायचं आणि काम ठरल्याप्रमाणे चालतं का, हे तिथल्या माणसांना विचारून बघायचं. दाजी मुख्य तपासनीस आणि मी त्यांचा जोडीदार. माझा झपाटा मोठा होता. ‘‘टाकी रोज धुता ना?’’ ‘‘व्हय.’’ ‘‘गरम पाण्यानंच ना?’’ ‘‘व्हय.’’ असा भराभर विभाग संपवून मी भजी गरम असतानाच कँटीन गाठायचो. दाजी कपाळाला हात लावायचे.

‘‘पाव्हणं, उत्तर तुमीच दिलंसा की! त्यानं नुसती मान हलवली. ‘व्हय’ म्हंजे उत्तर न्हवं, सुटका हाय.’’

ते स्वतः कुणालाही ऑफिसात बोलावत नसत. टेबलापलीकडं बसवलं की माणसाचा आरोपी होतो, असं त्यांचं म्हणणं. ते मशीनपाशी जाऊन माणसाच्या शेजारी उभे राहत. ऊस तुटला का, म्हैस व्याली का, अशी चौकशी होई. मग अगदी सहज, ‘‘हे कसं करता, जरा दाखवा की.’’ आणि गप्प. त्या ‘दाखवा की’पुढे भले भले उघडे पडायचे, आणि गंमत म्हणजे नंतर तेच त्यांना चहा पाजायचे.

त्या वर्षी आम्ही कॉम्प्रेसर रूममध्ये गेलो. तिथले ऑपरेटर लष्करातून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना फौजी म्हणत. दिलेला हुकूम मोडायचा नाही आणि न दिलेलं काम करायचं नाही, असा त्यांचा खाक्या. दूध थंड ठेवायला तिथं अमोनिया वायू वापरतात. तो गळला तर डोळे आणि छाती जाळून काढतो, म्हणून गळती होताच वाजणारा भोंगा बसवलेला होता. भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये बायका दही भरत. त्यांत फौजींची सूनही होती.

‘‘वास सुटला तर काय करता, फौजी?’’ दाजींनी विचारलं.

‘‘भोंगा वाजतो. बायकांना मागल्या दारानं पटांगणात काढायचं. वारं बघून.’’ उत्तर खणखणीत आलं. माझं मन कँटीनकडे धावलं.

‘‘वाजवून दाखवा की.’’

फौजींनी भिंतीवरच्या पेटीकडं पाहिलं, मग दाजींकडं. दाजी गप्प.

‘‘आवं दाजी, त्यो बंद हाय.’’

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

‘‘कवापासनं?’’

‘‘गेल्या तपासणीपासनं.’’

‘‘कुणी बंद करायला सांगितला?’’

आता फौजी गप्प बसले. दाजींच्याच पद्धतीनं, सरळ डोळ्यांत बघत. शेवटी म्हणाले, ‘‘तुमीच. भोंगा गप्प करा, मग बोलू, असं म्हणाला हुता. परत चालू करा म्हणाला न्हाई.’’

दाजी शेजारच्या पिंपावर मटकन बसले. चेहरा पांढराफटक. इतक्या वर्षांत लोकांचे चेहरे उतरलेले मी पाहिले होते, दाजींचा पहिल्यांदाच. वर्षभर त्या बायका भिंतीपलीकडं दही भरत होत्या, गाणी म्हणत होत्या, आणि आम्ही सगळे तो भोंगा जागा आहे असं समजून घरी जाऊन झोपत होतो.

‘‘चालू करा,’’ ते कसंबसं म्हणाले. फौजींनी कळ वर केली, चाचणीचं बटण दाबलं. भोंगा किंचाळला. पलीकडच्या बायका टोप्यांसकट पटांगणात धावल्या. फौजींची सून दह्याचा डबा हातात घेऊन ओरडत होती, ‘‘मामंजी, खरं हाय का खोटं?’’

‘‘खोटं हाय, पोरी,’’ फौजी म्हणाले. ‘‘आज खोटंच हाय.’’

गेल्या वर्षी मीही तिथंच होतो, पण भज्यांच्या घाईत मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. बाहेर आल्यावर मी मेहुण्याचं कर्तव्य केलं. ‘‘दाजी, चालू झाला ना? कुणाला काही झालं नाही. कशाला लिहायचं?’’

ते मला कँटीनमध्ये घेऊन गेले. मला एका बाजूला बसवलं आणि स्वतः टेबलापलीकडं बसले. ‘‘आता तुमी मला इचारा.’’

‘‘भोंगा तुम्हीच बंद करायला लावला होता ना?’’ मी अडखळत म्हणालो.

‘‘असं न्हाई रं! असं इचारलंस तर मी ‘व्हय’ म्हणीन आणि सुटीन.’’ ते मला पहिल्यांदाच अरेतुरे करत होते. ‘‘त्या दिवशी काय झालं ते इचार. आणि गप्प बस.’’

मी विचारलं आणि गप्प बसलो. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. भजी निवत होती.

‘‘कॉम्प्रेसरातलं तेल काढताना जरा वास सुटला, भोंगा वाजाय लागला,’’ दाजी बऱ्याच वेळानं म्हणाले. ‘‘मी रंगात हुतो. माणसाला बोलतं कसं करायचं ते तुमाला शिकवत हुतो. त्यो मधी मधी करत हुता.’’ पुन्हा थांबले. ‘‘मला माझाच आवाज ऐकायचा हुता, पाव्हणं.’’

ते तसंच्या तसं लिहिलं गेलं, त्यांच्या नावानिशी. मॅनेजरांनी ‘नाव कशाला’ म्हणून पाहिलं, पण दाजी ऐकेनात. पुढच्या वर्षीपासून त्यांनी तपासणी सोडली आणि ती माझ्या गळ्यात घातली. आता मीही मशीनपाशी उभा राहून म्हशीची चौकशी करतो. निघताना आपण काय बंद करायला लावलं होतं, ते चालू झालेलं पाहूनच पाय उचलतो. भजी गारच खातो.

यंदा दाजी सांगलीच्या दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो तेव्हा उशाशी यंत्र सारखं वाजत होतं. आम्हाला बोलता यावं म्हणून नर्सबाईंनी त्याचा आवाज बंद केला. दाजींनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. ‘‘बाई, त्यो चालू ऱ्हाऊ द्या. आमी बोलतो मोठ्यानं.’’ तिनं चालू केला.

‘‘काय म्हणताय पाव्हणं? कसा वाटतोय मी?’’

‘‘झकास! आठवड्यात घरी येताय की नाही बघा,’’ मी म्हणालो.

दाजी माझ्याकडं बघत गप्प बसले. यंत्र वाजत होतं. मी खिडकीकडं पाहिलं, सलाईनकडं पाहिलं, पण त्यांची नजर हलेना.

‘‘दाजी, मला लय भीती वाटतीय,’’ मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, माझा हात थोपटला आणि डोळे मिटून घेतले. हवं ते उत्तर मिळालं की ते असंच करायचे.