फोडणीतला गहू

एका मंगळवारी दुपारी माझ्या बहिणीने हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे भिंगातून वाचली. घटकांमध्ये गव्हाचे पीठ होते.

तिच्या आतड्यांना गहू चालत नाही. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तो कायमचा बंद केला. पोळी, रवा, शेवया गेल्या, पोटदुखी राहिली. ती चोरून काहीतरी खाते, असा घरात संशय होता. पोट दुखले की आई तिला ताकात हिंग घालून द्यायची.

डॉक्टरांनी मागितलेल्या तिच्या खाण्याच्या यादीत आईने डाळ, गूळ, आमसूल लिहिले होते आणि शेवटी नुसते ‘फोडणी’. फोडणी आपण देतो, खातो असे कोणी म्हणत नाही. म्हणून तिच्यात काय काय असते हे विचारायचे राहत असावे. चिमूट हे माप आहे, की मोजायचे नाही असे ठरवल्याची खूण?

“अगं, हिंग काय खायची वस्तू आहे?” आई म्हणाली.

“मग सहा महिने मला काय पाजत होतीस?”

“औषध,” आई म्हणाली.

डबी त्याच दिवशी शेजारी गेली. त्याला तीन आठवडे झाले. काल जेवणानंतर बहीण आडवी झाली नाही. पिशवी घेऊन भाजी आणायला गेली.